बारावीच्या इंग्रजीत आदिवासी साहित्य: ब्रिटिश कोलंबियातलं एक प्रकरण

ब्रिटिश कोलंबिया हा कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा प्रांत. तिथे बारावीनंतर बाहेर पडायचं तर भाषेचा एक विषय लागतोच, आणि विद्यापीठात जाऊ पाहणारी मुलं त्यासाठी 'इंग्लिश 12' घ्यायची. त्याच्या खालचा एक पर्याय होता, 'कम्युनिकेशन्स 12'. तो घेतला की शाळेचा दाखला मिळायचा, पण मोठ्या विद्यापीठांच्या प्रवेशाला तो चालत नसे. आदिवासी मुलांना या खालच्या वर्गाकडे वळवण्याचं प्रमाण मोठं होतं. 2008 मध्ये या दोहोंच्या जोडीला 'इंग्लिश 12 फर्स्ट पीपल्स' हा तिसरा विषय आला. वाचायचं साहित्य आदिवासींचं, सांगण्याच्या रीती त्यांच्या, मात्र दर्जा, परीक्षा आणि विद्यापीठातली किंमत 'इंग्लिश 12'च्या बरोबरीची.

हा विषय शिक्षण खात्यानं एकट्यानं आखला नाही. खात्याबरोबर बरोबरीनं बसली होती फर्स्ट नेशन्स एज्युकेशन स्टीअरिंग कमिटी. 1992 मध्ये प्रांतातल्या आदिवासी राष्ट्रांनी (तिथे प्रत्येक आदिवासी समाजाला 'राष्ट्र' म्हणतात) स्थापन केलेली ही संस्था त्यांच्याच प्रतिनिधींच्या ताब्यात आहे. समाजातले ज्येष्ठ, शिक्षक आणि विद्यापीठातले आदिवासी अभ्यासक यांना एका टेबलावर आणायचं काम तिनं केलं.

आदिवासी साहित्य अभ्यासक्रमात आणण्याचे प्रयोग जगात बरेच झाले. त्यातले बहुतेक चार कविता आणि एक लोककथा जोडून थांबतात. या प्रकरणाचा मी इतका बारकाईनं विचार करतो, कारण इथे 'हे शिकवा' असं म्हणण्याचा आणि 'हे शिकवू नका' असं म्हणण्याचा, असे दोन्ही हक्क समाजाकडे राहिले. पहिला हक्क बरेच जण देतात. दुसरा द्यायला हात आखडतो.

शाळेवर विश्वास ठेवायचा कसा?

या किनाऱ्यावरच्या बऱ्याच समाजांत कथेला मालक असतो. ती एखाद्या कुळाची किंवा घराण्याची असते, ती सांगण्याचा हक्क वारशानं मिळतो, आणि तो वारसा पॉटलॅच नावाच्या समारंभात सगळ्यांसमक्ष जाहीर होतो. यजमान घराणं पंगती घालतं, नावं आणि गाणी पुढच्या पिढीच्या हवाली करतं, आणि आलेल्या पाहुण्यांना भेटी देतं. भेट स्वीकारणारा पाहुणा त्या हस्तांतरणाचा साक्षीदार होतो. आपल्या भाषेत सांगायचं तर हे एकाच वेळी साहित्यसंमेलनही आहे आणि दस्त नोंदवण्याचं कार्यालयही.

कॅनडा सरकारनं 1884 मध्ये इंडियन अ‍ॅक्टमध्ये, म्हणजे तिथल्या आदिवासींविषयीच्या कायद्यात, दुरुस्ती करून पॉटलॅच गुन्हा ठरवला. 1885 पासून लागू झालेली ही बंदी 1951 पर्यंत कायद्यात होती. म्हणजे दोन-तीन पिढ्यांना आपल्या कथा रीतसर सोपवता आल्या नाहीत. त्याच काळात आदिवासी मुलांसाठीच्या निवासी शाळा चालू होत्या. पैसा सरकारचा, कारभार बहुतांशी चर्चचा. देशभरातली सुमारे 1,50,000 मुलं आईबापांपासून तोडून तिथे ठेवली गेली, आणि मातृभाषेत बोलल्याबद्दल त्यांना शिक्षा झाल्या. यातली शेवटची शाळा बंद व्हायला 1990 चं दशक उजाडलं.

त्यामुळे 'तुमचं साहित्य आमच्या शाळेत द्या' असं खात्यातलं कुणी म्हणतं, तेव्हा ऐकणाऱ्या आजीनं त्या शाळेत काय भोगलंय हे आधी लक्षात घ्यायला हवं. 1972 मध्ये देशभरातल्या आदिवासी संघटनेनं 'आमचं शिक्षण आमच्या हाती' अशी स्पष्ट मागणी केली होती. अभ्यासक्रमात चार धडे घाला एवढ्यावर ती थांबत नव्हती. कारभारातच हक्क हवा, असं तिचं म्हणणं होतं.

मौखिक साहित्याकडे सरकारी यंत्रणा कसं बघत होती, हे याच प्रांतातल्या एका खटल्यात लख्ख दिसलं. गिटक्सान आणि वेट्सुवेटेन या दोन राष्ट्रांच्या प्रमुखांनी आपल्या भूमीवरचा हक्क मागितला होता. सुनावणी 1987 मध्ये सुरू झाली. गिटक्सानांकडे सातबारा नव्हता, अडाऑक होतं: घराण्याचा इतिहास सांगणारं कथन, ज्यात गाणीही येतात. मेरी जॉन्सन या वृद्ध गिटक्सान प्रमुख साक्षीला उभ्या राहिल्या. कथनाच्या ओघात गाणं आलं आणि ते गाण्याची तयारी झाली, तेव्हा न्यायाधीश अ‍ॅलन मॅकेकर्न यांनी हरकत घेतली. शब्द लिहून दिले तर पुरणार नाहीत का, असं त्यांनी विचारलं, आणि गाणं ऐकण्याचा कान आपल्याला नाही असंही सांगितलं. मेरी जॉन्सन यांनी गाणं गायलंच. 1991 मध्ये निकाल त्यांच्या विरोधात गेला. 11 डिसेंबर 1997 रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला, नव्यानं सुनावणीचा आदेश दिला, आणि मौखिक इतिहासाला पुरावा म्हणून कागदपत्रांच्या बरोबरीनं स्थान द्यावं लागेल असं स्पष्ट केलं.

लिहून दिलं तर पुरणार नाही का, हाच प्रश्न शाळाही विचारत होती. 2008 चा विषय त्या प्रश्नाला शाळेच्या पातळीवर दिलेलं उत्तर आहे, असं मी मानतो.

पुस्तकं आधीच तयार होती, कारण समाजानं ती तयार केली होती

अभ्यासक्रम ठरवताना 'शिकवण्याजोगं साहित्य आहे कुठे?' हा आक्षेप हमखास येतो. ब्रिटिश कोलंबियात तो फार टिकला नाही. त्याचं श्रेय ओकानागन खोऱ्यातल्या लोकांना जातं. तिथल्या समाजानं 1970 च्या दशकाअखेरीस स्वतःचा अभ्यासक्रम-प्रकल्प हाती घेतला. अकरावीच्या मुलांना आदिवासींचा अलीकडचा इतिहास शिकवायला पुस्तकच नव्हतं. मग ते लिहून घ्यायचं ठरलं. जेनेट आर्मस्ट्राँग यांची 'स्लॅश' ही कादंबरी त्यातून लिहिली गेली आणि 1985 मध्ये छापली गेली. एका ओकानागन तरुणाच्या नजरेतून ती आदिवासी चळवळीची धुमश्चक्री दाखवते. आज ती कॅनडातल्या आदिवासी साहित्याची महत्त्वाची कृती मानतात. मुळात ती एका वर्गाची गरज भागवायला लिहिलेली होती, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

छापायला प्रकाशक हवा होता, तोही उभा राहिला. 1980 मध्ये सुरू झालेलं थेटस बुक्स ही कॅनडातली आदिवासींच्या मालकीची पहिली प्रकाशनसंस्था. लेखक घडायला हवे होते, म्हणून पेंटिक्टन इथल्या एनाउकिन केंद्रानं 1989 मध्ये व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या साथीनं लेखनाची शाळा सुरू केली. वर्ग समाजाच्या जागेत, शिकवणारे समाजातले, आणि क्रेडिट विद्यापीठाचं. समाज आणि विद्यापीठ यांच्या भागीदारीचा यापेक्षा स्वच्छ नमुना मला सुचत नाही. विद्यापीठानं आपल्याकडची एकच गोष्ट दिली, मान्यता. शिकवायचं काय हे ठरवायला ते गेलं नाही.

ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात 1974 पासून आदिवासी शिक्षक घडवणारा कार्यक्रमही चालू होता. त्याच विद्यापीठातल्या जो-अ‍ॅन आर्चिबाल्ड या स्टोलो समाजाच्या. कथा शिक्षणात कशा वापराव्यात, हे त्या बरीच वर्षं स्टोलो आणि इतर किनारी समाजांतल्या ज्येष्ठांकडून शिकल्या, आणि ते शिक्षण त्यांनी 2008 मध्ये पुस्तकरूपानं मांडलं. आदर, जबाबदारी, परतफेड आणि पूज्यभाव ही त्यातली पहिली चार सूत्रं. परतफेड हा शब्द संशोधकांनी घरी लिहून लावावा असा आहे. कथा घेतली तर परत काय दिलं, याचं उत्तर संशोधकाकडे असायला हवं.

कुणी काय सोडलं

भागीदारी म्हटलं की छायाचित्रं आणि सामंजस्य करार डोळ्यांपुढे येतात. मला तिची खरी खूण वेगळीकडे दिसते. प्रत्येक बाजूनं आपल्या हातातलं काहीतरी सोडलेलं असायला हवं.

शिक्षण खात्यानं पुस्तकं निवडण्याची आपली मक्तेदारी सोडली. कुठलं साहित्य चालेल याचे निकष आदिवासी ज्येष्ठ, अभ्यासक आणि शिक्षक यांच्या सोबतीनं ठरले. लेखन आदिवासींचं किंवा त्यांच्या भरीव सहभागातून झालेलं असावं. त्यांच्या जगण्यात महत्त्वाचे असलेले विषय त्यात यावेत: भूमीशी नातं, कुटुंब, ज्येष्ठांचं स्थान, ओळख हरवणं आणि परत मिळवणं, वसाहतवादाचा घाव. आणि जिथे लागू असेल तिथे कथनाच्या त्यांच्या रीती असाव्यात: वर्तुळाकार मांडणी, पुनरुक्ती, विनोद, मौखिक परंपरेचे धागे.

विद्यापीठांनी हा विषय प्रवेशासाठी 'इंग्लिश 12'च्या बरोबरीनं धरला. हे वाक्य कोरडं वाटतं, पण माझ्या मते सगळं प्रकरण याच्यावर तोललेलं आहे. त्या काळात बारावी इंग्रजीच्या निकालात प्रांतिक परीक्षेचा वाटा 40 टक्के होता. नव्या विषयालाही तशीच परीक्षा ठेवली. परीक्षा नसती आणि विद्यापीठानं मान्यता दिली नसती, तर हा विषय 'कम्युनिकेशन्स 12'च्या शेजारी आणखी एक खालची पायरी झाला असता आणि त्याच मुलांना तिथे ढकललं गेलं असतं. साहित्याचा सन्मान भाषणातून होत नाही, तो गुणपत्रिकेतल्या किमतीतून होतो. आदिवासी पालकांनी बरोबरीचा आग्रह धरला यात नवल काहीच नाही.

समाजानंही सोडलं. घरात आणि समारंभात राहणारं काहीतरी अनोळखी मुलांच्या वर्गात जाऊ दिलं. पण त्याला त्यांनी कुंपण घातलं.

नववं तत्त्व

हा विषय घडत असताना ज्येष्ठ, अभ्यासक आणि ज्ञानधारक यांनी शिकण्याविषयीची नऊ तत्त्वं मांडली. आज ती प्रांतातल्या असंख्य वर्गांच्या भिंतींवर लावलेली दिसतात. शिकणं हे स्वतःच्या, कुटुंबाच्या, समाजाच्या, भूमीच्या आणि पूर्वजांच्या कल्याणासाठी असतं. ते स्मृती, इतिहास आणि कथेत रुजलेलं असतं. त्याला धीर आणि वेळ लागतो. ही तत्त्वं कुणालाही पटतील, आणि म्हणूनच ती भिंतीवर सहज चढतात.

नववं तत्त्व तसं नाही. त्याचा आशय असा: काही ज्ञान पवित्र असतं, ते परवानगीनं किंवा ठरावीक प्रसंगीच सांगायचं असतं, आणि हे ओळखणं हाही शिकण्याचाच भाग आहे.

आपल्या शाळांची सगळी घडण याच्या उलट आहे. ज्ञान सर्वांना खुलं असावं, प्रश्न विचारावेत, सगळं उलगडून बघावं, असं आपण मानतो, आणि ते मानण्यामागे ज्ञानबंदीविरुद्धचा मोठा लढा आहे. म्हणून हे तत्त्व मराठी वाचकाला टोचू शकतं. पण फरक नीट बघायला हवा. इथे सत्ताधारी दुबळ्यांपासून ज्ञान लपवत नाहीयेत. ज्यांच्या कथा, गाणी आणि मुखवटे जप्त करून संग्रहालयांत नेले, ते आता 'उरलेलं विचारून घ्या' असं म्हणताहेत.

याचं एक जिवंत उदाहरण ईडन रॉबिन्सन या लेखिकेचं. त्या हाइस्ला आणि हाइल्ट्सुक समाजांच्या. 2000 मध्ये आलेली त्यांची 'मंकी बीच' ही कादंबरी किटामाट या हाइस्ला गावात घडते. कुळांच्या कथा आपल्याला कादंबरीत वापरता येणार नाहीत, हे त्यांनी पुढे एका व्याख्यानात सांगितलं. त्या कथा व्यक्तींच्या किंवा घराण्यांच्या मालकीच्या, आणि छापायच्या तर परवानगी घ्यायची आणि रीतसर मेजवानी घालायची. तिचा खर्च हजारो डॉलरांत जातो. लेखिका त्याच समाजातली, तरी तिलाही हा नियम लागू. तिनं तो पाळला आणि कादंबरी तिच्या वाटणीला आलेल्या गोष्टींवर उभी केली. मग बाहेरच्या शिक्षकानं मासिकातून कथा कापून प्रश्नपत्रिकेत घालण्याआधी दोनदा विचार करावा, यात अडचण ती काय?

वर्गात काय बदलतं

'मंकी बीच'चंच बघू. लिसामरीचा भाऊ समुद्रात बेपत्ता झालाय. ती एकटी बोटीतून त्याच्या शोधात निघते. प्रवास पुढे सरकतो तसं कथन मागे जातं: आजीसोबतचे दिवस, वारलेला काका, मेलेल्यांचे येणारे आवाज, मग पुन्हा पाणी, पुन्हा आठवण. सुरुवात, मध्य, उत्कर्षबिंदू आणि शेवट असा आलेख काढायला शिकलेलं मूल इथे अडतं. नेहमीच्या निकषावर ते 'रचना विस्कळीत' असं लिहील आणि त्याला गुणही मिळतील. फर्स्ट पीपल्सच्या वर्गात तेच मूल विचारतं, की हीच आठवण तिसऱ्यांदा का आली आणि दर वेळी तिच्यात काय वाढलं. वर्तुळाकार मांडणी आणि पुनरुक्ती इथे दोष नाहीत, वाचनाची साधनं आहेत. लोकसाहित्याच्या नावाखाली परिशिष्टात पडलेलं साहित्य आणि निकषच बदलणारं साहित्य यांत हा फरक आहे.

ऐकणं आणि बोलणं यांनाही इथे वजन मिळतं. गोल बसून एकेकानं बोलायचं, दुसऱ्याचं बोलणं मध्ये तोडायचं नाही. स्थानिक ज्येष्ठांना बोलवायचं तर आधी त्यांच्या समाजाची रीत विचारून घ्यायची आणि मानधन द्यायचं. निवासी शाळांचा अनुभव सांगणारी रिचर्ड वॅगमीज यांची 'इंडियन हॉर्स' वाचताना वर्गात बसलेल्या कुणाच्या तरी आजोबांनी तेच भोगलेलं असू शकतं, म्हणून मुलांना आधी कल्पना द्यायची आणि आधाराची सोय ठेवायची. शिक्षकांसाठी कमिटीनं सविस्तर मार्गदर्शिका तयार केल्या आणि त्या सर्वांना फुकट उपलब्ध ठेवल्या.

जिथे गाडं अडलं

विषय आला म्हणून शाळांनी तो भराभर उघडला असं झालं नाही. 'हा आदिवासी मुलांसाठीचा विषय' असा समज पसरला. हा सोपा असेल, असाही. लहान शाळांना दोन समांतर इंग्रजी वर्ग चालवणं परवडेना. आणि बिगर-आदिवासी शिक्षकांना धास्ती वाटे: आपण काही चुकीचं बोललो तर? ही धास्ती मला समजते, पण ती वर्षानुवर्षं विषय टाळण्याचं कारण होऊ शकत नाही. ज्या शिक्षकाला शेक्सपिअरचं इंग्लंड माहीत करून घ्यावंसं वाटतं, त्याला शाळा ज्या भूमीवर उभी आहे तिथले लोक माहीत करून घेता येतात.

निकषांचीही कसोटी लागली. 2016 च्या अखेरीस कॅनडातल्या एका नामवंत कादंबरीकाराच्या आदिवासी वंशाच्या दाव्यावर जाहीर प्रश्न उठले, आणि त्यांची पुस्तकं शिकवणाऱ्यांना विचार करावा लागला. 'लेखक आदिवासी असावा' हे लिहिणं सोपं आहे, पण तो कुणाचा हे सांगायचा हक्क त्या समाजालाच आहे.

आणखी दोन गोष्टी राहतात, आणि त्या मला जास्त खुपतात. प्रांतात 200 वर आदिवासी राष्ट्रं आहेत. एका वर्षात चार-पाच पुस्तकं होतात. ती कितीही चांगली असोत, शाळेशेजारच्या राष्ट्राचं त्यात काही नसेल तर मुलांच्या मनात 'आदिवासी' नावाचा एकच सरसकट माणूस तयार होतो. दुसरी गोष्ट भाषेची. या प्रांतात 30 हून अधिक आदिवासी भाषा आहेत आणि बहुतेकींचे अस्खलित बोलणारे थोडे व वृद्ध आहेत. हा विषय मात्र इंग्रजीचा आहे. भाषा टिकवणं हे त्याचं काम नाही हे खरं, पण इंग्रजीतल्या आदिवासी साहित्याच्या यशामुळे भाषांच्या वर्गांकडे दुर्लक्ष झालं तर तो तोटा भरून येणारा नाही.

सक्तीनंतर

2015 मध्ये निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगानं 94 शिफारशी केल्या. त्यात निवासी शाळांचा इतिहास शाळेत सक्तीनं शिकवा, आणि अभ्यासक्रम त्या शाळांतून वाचलेल्या माणसांशी व आदिवासी समाजांशी सल्लामसलत करून करा, ही मागणी होती. ब्रिटिश कोलंबियात फर्स्ट पीपल्सच्या इंग्रजीचा विषय पुढे दहावी-अकरावीसाठीही आला. मार्च 2022 मध्ये खातं आणि कमिटी यांनी मिळून पुढचं पाऊल जाहीर केलं: 2023-24 पासून बारावी पूर्ण करायला लागणाऱ्या 80 क्रेडिटांपैकी किमान 4 आदिवासीकेंद्री विषयाची हवीत. फर्स्ट पीपल्सचं इंग्रजी घेतलं तर भाषेची अट आणि ही अट दोन्ही एकदम भागतात. साहजिकच मागणी उसळली. काही स्कूल डिस्ट्रिक्टांनी तर बारावीला इंग्रजी म्हणून हाच विषय ठेवला.

सक्ती योग्य होती असं माझं मत आहे. ऐच्छिक ठेवला की आदिवासी मुलं आपल्याच घराविषयी वाचतात आणि ज्यांनी वाचायला हवं ते दुसऱ्या वर्गात असतात. पण सक्तीमुळे ताण नेमक्या जागी पडला. विषय पसरला त्या वेगानं शिक्षक तयार झाले नाहीत. शिक्षक-प्रशिक्षणात आदिवासी शिक्षणाचा भाग आता अनिवार्य आहे आणि 2019 पासून तो शिक्षकांच्या व्यावसायिक निकषांतही आहे, तरी एका सत्राचा कोर्स आणि एका राष्ट्राशी जोडलेलं नातं यांत मोठं अंतर आहे. मार्गदर्शिका डाउनलोड करता येते, नातं करता येत नाही. त्याचा भार पुन्हा त्याच मोजक्या ज्येष्ठांवर येतो. एकाच गावातल्या आजीला दहा शाळा एकाच महिन्यात बोलावतात.

म्हणून हे प्रकरण जिथे कुणी उचलू पाहील तिथे मी पैशाचं कलम आधी बघेन. ज्येष्ठांचं मानधन, शेजारच्या राष्ट्राशी शाळेचं समन्वयाचं काम करणारा पगारी माणूस, आणि नव्या स्थानिक पुस्तकांचा खर्च, या तीन ओळी अंदाजपत्रकात दरवर्षी असतील तरच नववं तत्त्व भिंतीवरून वर्गात उतरेल. ओकानागनच्या लोकांनी पुस्तक नाही म्हणून पुस्तक लिहून घेतलं होतं. प्रांतातल्या बहुतेक राष्ट्रांच्या वाट्याला तसं पुस्तक अजून यायचं आहे.